नाखव्याची मिशी आणि तिसरा तारा

मंडळी, माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर नका ठेवू, पण माझ्या मिशीवर ठेवा! करंजाच्या नाखव्यांची मिशी आहे ती. माझे आजोबा होडीत उभे राहिले की किनाऱ्यावरून आधी मिशी दिसायची, मग आजोबा आणि सगळ्यात शेवटी होडी. मी काही दर्यावर जात नाही. द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर आहे आणि पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पण मिशी तीच! आयुष्यात ती एकदाच उतरवली, वडील वारले तेव्हा. आमच्याकडे आई-बाप गेले तरच माणूस मिशीला वस्तरा लावतो. एरवी तिला हात लावायची कोणाची टाप नाही.

तर या मिशीवर पीळ देत मी दोन हजार अकराच्या मार्चात एक प्रतिज्ञा केली. ती का केली, ते आधी सांगतो.

आमचा प्रितेश तेव्हा अकरा वर्षांचा. पेणच्या मामाने वाढदिवसाला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम दिला आणि पोरगं हातचं गेलं! शाळेतून आलं की दप्तर एकीकडे, बूट एकीकडे आणि हा टीव्हीसमोर. "जेव रे," म्हटलं की "ही लेव्हल झाली की." "आंघोळ कर," म्हटलं की "अजून एक लाइफ आहे." मी त्याचं तोंड विसरत चाललो होतो, पाठ मात्र पाठ झाली होती.

"आमच्या लहानपणी!" मी सुरू करायचो. "आम्ही दिवसभर खाडीवर. विटीदांडू काय, लगोरी काय..."

"आणि तुमच्या विटीने शेजारच्या म्हातारीचा दात पडला होता," किशोरी स्वयंपाकघरातून म्हणायची. "आई सांगतात."

"हलतच होता तो!"

बायको ही अशी. पण समोरच्या दाराकडे बघितलं की माझ्या जिवाची तगमग व्हायची. समोर राहतो एफ्राइम अष्टमकर, बँकेत आहे. बेने इस्रायली कुटुंब, आमच्यासारखंच कोकणातलं, आमच्यासारखंच मराठी बोलणारं, फक्त सुट्टीचा दिवस शनिवार. शनिवारी त्यांच्याकडे टीव्ही नाही, फोन नाही, काही नाही. त्याची इलाना प्रितेशच्याच वर्गात. ती शनिवारभर खाली अंगणात उड्या मारत असते आणि आमचा दिवटा वर बसून पडद्यावरच्या माणसाला उड्या मारायला लावतो!

एकदा जिन्यात गाठलंच एफ्राइमला. "कसं जमवतोस रे?"

"जमवायचं काय त्यात? शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लागला की बटणाला हात लावायचा नाही. शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की मोकळे."

"बस्स? मग मीही करतो माझ्या घरात!"

एफ्राइम हसला. "आमच्या मागे देव उभा आहे, कमळाकर. तुझ्या घरात कोण उभा राहणार?"

"मी!" मी म्हणालो. आणि मिशीला पीळ दिला.

आता माझ्या अकलेचे तारे ऐका. दुसऱ्या दिवशी आपण नागपुरात साउथ आफ्रिकेकडून हरलो. चांगला चालला होता वर्ल्डकप, आणि हातातली मॅच घालवली! माझं डोकं असं तापलं की टीव्ही खिडकीबाहेर टाकायचाच बाकी होता. रविवारी सकाळी त्याच तिरमिरीत मी घरच्यांना समोर बसवलं. प्रितेश, किशोरी आणि माझी आई ठमाबाई.

"परीक्षा संपली की पहिला शनिवार, दोन एप्रिल! शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी तीन तारे दिसेपर्यंत या घरात कोणी पडद्याकडे बघणार नाही, बटण दाबणार नाही. प्रितेश, तू नियम मोडलास तर गेम पेणला परत!"

"आणि तुम्ही मोडलात तर?"

"मी? मी मोडला तर गेम तुझा, जन्मात चकार शब्द काढणार नाही. वर ही मिशी उतरवीन!"

आई दचकली. "ये कमल्या! मी जित्ती हाय अजून. मिशीची भाषा नको!"

"आई, उतरवायची वेळच येणार नाही."

"घराबाहेरचा पडदा चालेल?" प्रितेशने विचारलं. पोरगं गेम खेळून खेळून पळवाटा शोधण्यात पटाईत झालेलं.

"बाहेरचाही नाही! पनवेलमधला एकही पडदा नाही!"

तेवढ्यात किशोरीने कॅलेंडर बघितलं. "अहो, दोन एप्रिलला वर्ल्डकपची फायनल आहे."

"असू दे!" मी गरजलो. "हे दिवे लावणारे लोक फायनलला जातायत होय? लिहून घे माझ्याकडून!"

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. सगळ्या भारताला माहीत आहे. क्वार्टर फायनल जिंकलो, सगळी बिल्डिंग नाचली, मीही नाचलो. सेमीफायनल जिंकलो, सगळी बिल्डिंग नाचली आणि मी एका जागी बसून राहिलो. प्रितेश माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता.

"मिशी विसरू नका हं, पप्पा," तो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी समोर एफ्राइमच्या घरी दिवा लागला आणि आमच्याकडे टीव्ही बंद झाला. पंखे आधीच लावून ठेवले, कारण एप्रिलच्या उकाड्यात पनवेलला पंखा नसेल तर माणसाचा रस्सा होतो. मोबाइल बंद करून किशोरीने तांदळाच्या डब्यात ठेवले. "भुतासारखा बसू नकोस रं," आई मला म्हणाली, "चल, भजी कर."

शनिवारी सकाळी मात्र गंमत झाली. प्रितेश मुकाट्याने खाली गेला. मला वाटलं, तासाभरात रडत वर येईल. कसला येतोय! खिडकीतून बघतो तर इलाना, प्रितेश आणि बिल्डिंगमधली पंधरा-वीस पोरं गोल करून बसलेली आणि मधोमध माझी आई! खडूने जमिनीवर पनवेलचा नकाशा काढलेला. तुळशीरामचं सलून, उरण नाका, एसटी स्टँड, वडाळे तलाव. जिथे जिथे टीव्ही आहे तिथे फुली.

"काय खेळताय रे?" मी वरून ओरडलो.

"पप्पा-पकड!" खालून उत्तर आलं. "तुम्ही मॅच बघायला जाणार, आम्ही पकडणार! तुम्हाला तीन लाइफ!"

"मी कुठेही जाणार नाही!"

"या ना पप्पा, प्लीज! तुम्ही नाही आलात तर गेम कसा होणार?"

आईने गळ्यात शिट्टी अडकवली आणि तलावाकडच्या तुकडीची सूत्रं हाती घेऊन निघाली. सत्तरीची बाई, पण चाल बघावी! मला बरं वाटलं. माझा प्रयोग यशस्वी झाला होता. पोरं उन्हात होती, लालबुंद झाली होती, खिदळत होती. फक्त खेळणं मी होतो, एवढंच.

दुपारी अडीच वाजता मॅच सुरू झाली आणि माझे हाल कुत्रा खाईना! वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून नुसता जल्लोष. आरडाओरडा झाला की समजायचं त्यांची विकेट पडली. पण शांतता पसरली की जीव टांगणीला! चौकार बसला? षटकार बसला? की शेजाऱ्यांची केबल गेली? मी भिंतीला कान लावला.

"अहो, ते बटण नाही हं," किशोरी म्हणाली, "भिंत आहे."

साडेचार वाजले आणि माझा बांध फुटला. "दाढी करून येतो," मी म्हटलं.

"सकाळीच केलीत ना?"

"वाढली!"

जिन्याने न जाता मी मागच्या गच्चीवरून शेजारच्या विंगमध्ये उतरलो, डोक्यावर किशोरीची ओढणी घेतली आणि मिरची गल्लीतून तुळशीरामच्या सलूनात शिरलो. बरं, मी काही नियम मोडणार नव्हतो. तुळशीरामचा टीव्ही खुर्चीच्या मागे असतो. मी खुर्चीत बसणार, समोर आरशात बघणार. आरसा म्हणजे काही पडदा नव्हे! सुप्रीम कोर्टात टिकेल असा मुद्दा होता.

"साहेब, केस तर परवाच कापले," तुळशीराम म्हणाला.

"मिशी सेट कर. सावकाश कर. मॅच संपेपर्यंत कर!"

तुळशीरामने फेस लावला, वस्तरा घेतला. मी आरशात बघतोय. सगळं उलटं! डावरा फलंदाज उजवा दिसतोय, स्कोअर वाचता येत नाही. मी मान वाकडी केली. तुळशीरामने सरळ केली. मी परत वाकडी केली. बोलर धावत आला, आणि...

फुर्र्र्र्र!

"पप्पा सापडले! एक लाइफ गेली!" दारात प्रितेश, इलाना आणि मागे सगळी फौज!

मी दचकून मागे वळलो. तुळशीरामचा वस्तरा मात्र वळला नाही.

टीव्हीत लोक ओरडत होते, पण तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मी हळूच आरशात बघितलं. उजवीकडे करंजाचे नाखवा होते. डावीकडे कोणीच नव्हतं.

"साहेब," तुळशीराम रडवेल्या आवाजात म्हणाला, "अशीच ठेवू, की दुसरी बाजू पण..."

"अशी कशी ठेवशील? काढ!" मी डोळे मिटून घेतले.

पोरंसुद्धा हादरली. प्रितेशने तोंडातली आपली शिट्टी काढून खिशात टाकली. "पप्पा, ही लाइफ परत देतो तुम्हाला," तो म्हणाला. मी ओठावर हात धरून बाहेर पडलो. पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पनाच नव्हती!

बिल्डिंगच्या दारात शशिकला वहिनी भेटल्या. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. बाई भारी कामाची. एकदा बोलायला लागल्या की नोटीस लावायची गरज पडत नाही. मी ओठावरचा हात काढला. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांच्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली.

"भाऊजी! कधी हो?"

"आत्ताच, वहिनी," मी हुंदका दाबून म्हणालो. "घरी अजून कोणाला माहीत नाही. कृपा करून बोलू नका."

"तरीच! सकाळपासून तुमच्या घरात चिडीचूप. फायनल असून टीव्ही नाही! मला मेलीला आधीच समजायला हवं होतं!" त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि त्या वर पळाल्या.

मला वाटलं, काय थोर बाई! एका मिशीसाठी डोळ्यांत पाणी!

घरी जायची माझी हिंमत होईना. किशोरी हसेल, आणि आई तर फाडूनच खाईल. मी स्टँडच्या मागे एका बाकावर तोंड लपवून बसलो. उन्हं कलल्यावर उठलो आणि पाय ओढत घरी आलो. जिना चढताना वरून कुजबुज ऐकू आली. तिसऱ्या मजल्यावर आलो आणि थबकलो.

माझ्या दारात चपलांचा ढीग! सगळी बिल्डिंग जमलेली. पुरुष पांढरे सदरे घालून भिंतीला टेकलेले, बायका पदर ओढून. जिन्याच्या कठड्याला दोन बांबू उभे केलेले! मी आलेला बघून सगळे बाजूला झाले. शशिकला वहिनी पुढे आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "धीर धरा, भाऊजी. वाईट सगळं एकदमच येतं बघा. दोनशे चौऱ्याहत्तर केले त्यांनी."

"कोण... कोण गेलं?" मी विचारलं.

सगळे खाली बघतायत. मी आत बघितलं. किशोरी कोपऱ्यात बसलेली. तिने काही विचारायच्या आधीच चार बायकांनी तिला मिठी मारून ठेवली होती, आणि मधूनच तीही काही न समजून रडत होती.

"आई कुठे आहे?" मी ओरडलो.

ते ऐकून बायकांनी हंबरडा फोडला!

मंडळी, खरं सांगतो, मी तिथे उंबऱ्यावरच बसलो. तलाव! आई तलावावर गेली होती! सत्तरीची बाई, रणरणतं ऊन, आणि मी मूर्ख सलूनात बसून आरशात मॅच बघत होतो. मिशी गेली म्हणून तास-दीड तास बाकावर रडत होतो. त्या मिशीला काय जाळायचंय! आई गेली तर मागे उरलं काय? मी लहान पोरासारखा भोकाड पसरून रडलो.

इतक्यात जिन्यातून आवाज आला. फुर्र्र्र्र!

"बाजूला व्हा रं! गर्दी कसली केलीय? कोन मेलाय?"

आई! गळ्यात शिट्टी, पदर कमरेला खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, आणि मागे पंधरा-वीस पोरं! एफ्राइमची इलाना तिचा हात धरून होती.

शशिकला वहिनी किंचाळल्या. पहिल्या मजल्यावरचे काका हात जोडून मागे सरले. मी मात्र उठून धावत गेलो आणि आईला अशी मिठी मारली की तिची शिट्टी आपोआप वाजली.

"आई! तू जिवंत आहेस!"

"मंग? मरायला काय झालाय मला?" आई म्हणाली. मग तिने माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "कमल्या! मिशी कुठं हाय?"

तिने भिंतीला टेकलेली माणसं बघितली, बांबू बघितले, आणि पोरांना आधी समजलं नाही ते तिला एका क्षणात समजलं. फाडकन आवाज आला. माझ्या डाव्या गालावर.

"मी जित्ती असताना मिशी उतरवलीस! माझी मयत काढलीस!"

"आई, अपघात झाला गं..."

"आजी, आमच्यामुळे झालं," प्रितेश मध्ये आला. त्याने सगळं सांगितलं, सलून, आरसा, शिट्टी. ऐकता ऐकता आईचा चेहरा हलायला लागला. मग ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. अशी हसली की पोरं हसली, पोरं हसली तशी किशोरी हसली आणि मग पांढरे सदरे घातलेली सगळी माणसं पोट धरधरून हसायला लागली.

"आता टीव्ही लावा की!" कोणीतरी ओरडलं. "आपली बॅटिंग सुरू झाली असेल!"

तेवढ्यात खाली टेम्पोचा ब्रेक करकचून लागला आणि काळीज चिरणारा आवाज आला, "आयेऽऽऽ!"

माझा धाकटा भाऊ काशीराम! करंजाला मासेमारी करतो, आमच्या बिल्डिंगला पापलेट देतो, म्हणून त्याचा नंबर शशिकला वहिनींकडे. त्यांनी फोन केलेला. आम्हाला फोन लावावा तर आमचे मोबाइल तांदळात! टेम्पो भरून सगळी गल्ली आणली होती त्याने, फायनल टाकून. तो छाती बडवत वर आला आणि उंबऱ्यात आईला चहा पिताना बघून तसाच उभा राहिला.

"आये, तू हायस?"

"हाय की. चाय घे."

काशीराम आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला, आणि रडून झाल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "दादा, स्कोअर काय?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. "तीन तारे दिसेपर्यंत टीव्ही लावायचा नाही."

माझ्या घरात तेव्हा साठ-सत्तर माणसं होती. कोणाच्या टीव्हीसमोर जाऊन बसावं, एवढी साधी गोष्ट. पण कोणी गेलं नाही! आई मेलेली परत आली, तिचा मुलगा शब्दाला जागतोय, आता तारे बघूनच जायचं, अशी सगळ्यांची जिद्द. "गच्चीवर चला!" आईने शिट्टी फुंकली.

गच्चीवर एफ्राइम आधीच उभा होता, मान वर करून. तो क्रिकेटचा माझ्याहून वेडा, पण तोंडावर शांती. फक्त पाय सारखा हलत होता.

"एक!" इलाना ओरडली. पश्चिमेला नाही, डोक्यावर.

"दोन! तो बघा, टाकीच्या वर!"

तिसरा काही सापडेना. खाली सगळ्या पनवेलमधून एकदम "अरेरे!" उमटलं. आपली विकेट! काशीराम केस उपटायला लागला. 

"तिसरा! तिसरा!" मी बोट दाखवलं. "तो लाल!"

"पप्पा, तो सरकतोय," प्रितेश म्हणाला. "विमान आहे."

परत खालून "अरेरे!" परत विकेट! सत्तर माणसं आभाळाकडे तोंड करून उभी. चाचपडतायत, भांडतायत. आईने तर हात जोडले. "बाबा एफ्राइम, तुज्या देवाला सांग ना, एक तारा टाक म्हनावं."

एफ्राइमने हळूच बोट वर केलं. कर्नाळ्याच्या बाजूला, धुरकट आभाळात, अगदी बारीकसा.

"तीन," तो म्हणाला.

मंडळी, तो जिना सत्तर माणसं एका वेळी कशी उतरली ते मला विचारू नका! त्या दिवशी माझ्या बारा बाय दहाच्या खोलीत, पलंगावर, पलंगाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर माणसं होती. एफ्राइम घरी प्रार्थना करून आला आणि माझ्या मांडीवर बसला. आणि आपण जिंकलो! काशीरामने आईला खांद्यावर घेऊन सगळ्या बिल्डिंगमधून मिरवलं. "मयतीला आलो, वरात काढली!" म्हणत करंजाची माणसं नाचत होती. आई खांद्यावरून कोण आलं, कोण नाही ते बघत होती. दुसऱ्या मजल्यावरचे जोशी आले नव्हते. ती त्यांच्याशी अजून बोलत नाही.

मग प्रितेशने एफ्राइमसमोर खटला मांडला. आरशात बघणं म्हणजे बघणं की नाही?

"बघणंच," एफ्राइम म्हणाला. "पण दंड तर याने निकालाच्या आधीच भरला. गेम तुझा."

माझी हार झाली, पण मला त्याचं काही वाटलं नाही. त्या रात्री आई शेजारी घोरत होती, तो आवाज ऐकत मी झोपलो.

त्या बांबूंचं म्हणाल तर आईने ते परत करू दिले नाहीत. "माज्या नावाचे हायत, पोरांना खेळू द्या," म्हणाली. पोरांनी त्यांचे स्टंप केले, उरलेल्याची विटी आणि दांडू.

आता पुढच्या शनिवारचं सांगतो. मिशीचे खुंट नुकते दिसायला लागले होते. कपाटातून गेम काढून मी स्वतःच्या हाताने टीव्हीला जोडला, धूळ पुसली, सोफ्यावर उशी ठेवली. म्हटलं, पोराला शब्द दिलाय.

"प्रितेश, ये रे. खेळ हवं तेवढं."

दार उघडलं. प्रितेश, इलाना, मागे वीस पोरं, आणि सगळ्यांच्या पुढे गळ्यात शिट्टी अडकवून माझी आई.

"ते राहू दे, पप्पा," प्रितेश म्हणाला. "तुम्ही पळा!"